पेशीचा शिधा आणि शरीराचा दाह

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या सुमारास सशांवर काही प्रयोग करीत होते. आफ्रिकेत माणसांना निद्रारोग आणि गुराढोरांना त्याच जातीचा दुर्धर आजार ज्या ट्रिपॅनोसोम नावाच्या परजीवीमुळे होतो, त्याची बाधा या सशांना करण्यात आली होती. आणि प्रयोगकर्त्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, ज्यांच्या रक्तात परजीवी अगदी तुरळक आढळत, असे ससेही झपाट्याने वाळत जात, आणि त्याच वेळी त्यांच्या रक्तातील मेदाचे प्रमाण मात्र विलक्षण वाढलेले असे. परजीवींनी शरीराचे अन्न फस्त केले म्हणावे, तर तेवढे परजीवी तेथे नव्हतेच. अन्न रक्तात भरपूर होते, पण ते पेशींपर्यंत पोचत नव्हते. शोध घेता असे दिसून आले की, रक्तातील मेद उतरवून घेऊन मेदपेशींच्या स्वाधीन करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, मंदावले होते, आणि ते मंदावणारे द्रव्य परजीवीने सोडलेले नसून आजारी प्राण्याच्या स्वतःच्याच, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींनी निर्माण केलेले होते. सेरामी यांनी त्याला कॅकेक्टिन असे नाव दिले. १९८५ साली ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळविले, तेव्हा उलगडा झाला की, काही अर्बुदांचा नाश करणारे म्हणून १९७५ पासून शास्त्रज्ञांना परिचित असलेले टीएनएफ हे प्रथिन आणि हे कॅकेक्टिन ही दोन द्रव्ये नव्हेतच. एकाच द्रव्याची ती दोन नावे आहेत.

या शोधाला आठ वर्षे होतात न होतात तोच, १९९३ साली, बॉस्टनमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांना हेच टीएनएफ अगदी उलट्या ठिकाणी, म्हणजे लठ्ठ उंदरांच्या मेदात, सापडले. आणि ते निकामी केले असता त्या उंदरांच्या शरीरात इन्सुलिनचा अंमल पुन्हा नीट बसू लागतो, असेही आढळले. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी दाखवून दिले की, सडपातळ प्राण्याच्या मेदऊतीत भक्षक पेशींचे प्रमाण शेकडा दहाच्या आत असते, ते अतिस्थूल प्राण्यात शेकडा चाळिसाच्या घरात जाते. जे द्रव्य रोगजर्जर देहाला झिजविते तेच स्थूल देहात मधुमेहाची वाट मोकळी करते, ही गोष्ट मला या साऱ्या विषयाचा उंबरठा वाटते. कारण प्रतिकारव्यवस्था आणि चयापचय या दोन विषयांची दप्तरे वैद्यकाने इतकी वर्षे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली होती, आणि शरीराने मात्र ती कधीच वेगळी मानली नव्हती, हे या दोन शोधांनी प्रथम ठसठशीतपणे पुढे आणले.

दाह म्हणजे लाली, सूज, ऊष्मा आणि वेदना, हे वर्णन रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. दाह हा मुळात रोग नव्हे. जखम झाली, जंतू शिरले, की त्या जागी रक्त अधिक आणावे, पांढऱ्या पेशींना बोलावून घ्यावे, घाण निस्तरावी आणि काम उरकल्यावर सारे पूर्ववत करावे, असा तो शरीराचा बंदोबस्त आहे. तो वेळेवर सुरू झाला नाही तर साध्या जखमेने माणूस दगावतो, आणि वेळेवर थांबला नाही तर संधिवात, सोरायसिस, आतड्यांचे चिवट विकार, रक्तवाहिन्यांचे काठिण्य अशा व्याधी मागे लागतात. म्हणून दाहाविषयीचा खरा प्रश्न तो किती आहे एवढाच नाही; तो सुरू कोण करतो आणि थांबवितो कोण, हा आहे. प्रतिकारशक्ती ‘वाढविणारी’ म्हणून जी चूर्णे आणि पेये आज घरोघरी विकली जातात, त्यांच्या जाहिरातींत या थांबण्याचा उल्लेखही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण ज्याचे सांधे दाहाने रोज झिजत आहेत त्या रुग्णाची प्रतिकारव्यवस्था मुळीच कमजोर नसते, ती आवरत नाही हेच त्याचे दुखणे असते.

आता पेशीच्या उदरनिर्वाहाचा थोडा तपशील पाहणे अवश्य आहे. ग्लुकोज पेशीत शिरल्यावर त्याचे दोन तुकडे होतात. या पहिल्या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही, तो झटपट पार पडतो, परंतु त्यातून ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे निव्वळ दोनच रेणू हाती लागतात. हे तुकडे पुढे तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, गेले आणि तेथे ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जळले, तर एका ग्लुकोजमागे एकंदर तीसच्या आसपास एटीपी मिळतात. तंतुकणिकांतील या ज्वलनाचे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली शेफील्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून उलगडले. नाझी राजवटीने जर्मनीतून घालवून दिलेला हा संशोधक इंग्लंडच्या आश्रयाला आलेला होता. त्याचे हे टिपण ‘नेचर’ने जागेअभावी परत पाठविले, आणि पुढे १९५३ मध्ये याच कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सायट्रिक आम्लापासून सुरुवात होऊन सक्सिनिक, फ्युमरिक, मॅलिक अशी आम्ले क्रमाने एकापासून एक बनत जातात आणि चक्र पुन्हा आरंभाशी येते, हे शाळा-महाविद्यालयांतून हजारो विद्यार्थ्यांनी पाठ केले असेल. मात्र ही पाठांतराची आम्ले पेशीला हुकूमही देत असतील, अशी कल्पना त्या काळी कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीत एक चमत्कारिक निरीक्षण त्याहूनही जुने आहे. १९१२ साली लेव्हीन आणि मेयर यांनी दाखविले होते की, या पेशी साखरेचे रूपांतर लॅक्टिक आम्लात करतात. म्हणजे पहिला टप्पा उरकून त्या पुष्कळशी साखर अर्धवटच सोडून देतात. पुढील दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी हेच वर्तन कर्करोगाच्या पेशींत पाहिले, ऑक्सिजन विपुल असतानाही त्या अशा उधळपट्टीने का वागतात या प्रश्नाने ते जन्मभर पछाडलेले राहिले, आणि हा गुण त्यांच्याच नावाने व कर्करोगाच्याच खात्यावर नोंदला गेला. वस्तुतः दाहात उतरलेली निरोगी पेशीही तेच करते. किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचून जे पेट स्कॅन काढतात, त्यात गाठ झळकली म्हणजे ती कर्काचीच असेल असे नाही. क्षयाची गाठही तितकीच लखलखीत दिसते, कारण तिच्यात दाटलेल्या भक्षक पेशी त्याच अधाशीपणाने साखर ओढीत असतात, आणि क्षय इतका पसरलेल्या आपल्या देशात डॉक्टरांना त्या गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

ही उधळपट्टी कशासाठी? पहिले उत्तर घाईचे आहे: अर्धवट ज्वलन फारच जलद होते, आणि सुजलेल्या, रक्तपुरवठा विस्कळीत झालेल्या जागी ऑक्सिजनची शाश्वती नसते. दुसरे उत्तर सामग्रीचे: ज्या पेशीला नवे रेणू, नवी पटले, जंतुनाशक द्रव्ये तयार करायची आहेत तिने सारा कच्चा माल जाळून टाकून कसे चालेल? न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तर जंतू गिळताच ग्लुकोज एका आडवाटेने नेऊन त्यापासून मिळणारे द्रव्य जंतूंवर सोडावयाच्या विषारी ऑक्सिजनसंयुगांसाठी वापरतात. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण ती येथेच थांबली असती तर हा विषय केवळ हिशेबाचा राहिला असता.

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात ल्यूक ओ’नील यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली जे प्रसिद्ध केले त्याने या हिशेबाला निराळाच अर्थ दिला. जंतूंच्या आवरणातील एका घटकाने भक्षक पेशी उत्तेजित केल्या, की त्यांच्यातील क्रेब्सचे चक्र अखंड फिरेनासे होते. ते सायट्रिक आम्लाच्या पुढे आणि सक्सिनिक आम्लाच्या पुढे असे दोन ठिकाणी अडते, आणि अडलेल्या जागी माल साचतो. साचलेले सक्सिनिक आम्ल तंतुकणिकेच्या बाहेर येते आणि एचआयएफ नावाच्या प्रथिनाला नष्ट होऊ देत नाही. हे प्रथिन एरव्ही ऑक्सिजन कमी पडला म्हणजेच टिकून राहते आणि पेशीला अडचणीच्या काळासाठी सज्ज करते. त्याच्या कार्यपद्धतीच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. सक्सिनिक आम्लामुळे ऑक्सिजन मुबलक असतानाही पेशी तो नसल्याप्रमाणे वागू लागते, आणि ताप व दाह चेतविणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटा या द्रव्याचे जनुक जोमाने चालू होते. त्याच प्रयोगात ग्लुकोजचे ज्वलन एका नकली साखरेने रोखले, तेव्हा हे इंटरल्यूकिन घटले, पण टीएनएफ मात्र घटले नाही. या एका बारकाव्यावर मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. कारण पेशी नुसती उपाशी पडली असती तर तिचे सगळेच उत्पादन मंदावले असते. एक घटले आणि दुसरे घटले नाही, याचा अर्थ साखरेतून ऊर्जेखेरीज आणखी काही निघत होते, आणि ते विशिष्ट जनुकाला उद्देशून होते.

प्रतिकारपेशींना सैनिक म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो येथे अपुरा पडतो. सैनिकाला शिधा एका खात्याकडून मिळतो आणि हुकूम दुसऱ्या खात्याकडून येतो, शिध्यात ज्वारी आहे की बाजरी यावर लढाईचा बेत ठरत नाही. पेशीत मात्र शिधा हाच पुष्कळदा हुकूम असतो.

याहूनही मनोवेधक गोष्ट चक्राच्या पहिल्या अडथळ्यापाशी घडते. तेथे साचलेल्या मालाचा काही भाग एक खास विकर आडवाटेला वळविते आणि त्यापासून इटाकोनिक आम्ल तयार करते. हे आम्ल रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, आणि एका बुरशीकडून ते कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनवून घेऊन त्यापासून राळसदृश पदार्थ करतात. सस्तन प्राण्यांच्या भक्षक पेशीही ते बनवितात, आणि कोणते जनुक ते घडवून आणते, हा शोध मात्र अगदी अलीकडचा, २०११ ते २०१३ या काळातला. त्याची कामगिरी दुहेरी आहे. क्षयाच्या जंतूला मेदावर निर्वाह करण्यासाठी जे विकर लागते ते इटाकोनिक आम्ल निकामी करते, म्हणजे जंतूची उपासमार करते. आणि त्याच वेळी ते स्वतःच्या पेशीतील सक्सिनिक आम्लाचे ज्वलन रोखून त्यातून उसळणारी दाहक संयुगे कमी करते, शिवाय पेशीचे संरक्षण करणारी जनुके जागी करते. दाह चेतवावयाची आज्ञा आणि तो आवरण्याची आज्ञा एकाच चक्रातून, जवळजवळ एकाच वेळी निघतात. ज्या उंदरांत या विकराचे जनुकच नाही, ते क्षयाच्या संसर्गाने लवकर मरतात. आणि त्यांच्या फुप्फुसांचा घात जंतूंइतकाच, बेबंद जमलेल्या न्यूट्रोफिलांनी केलेला असतो. जंतूही या डावाला सर्वस्वी अनभिज्ञ नाहीत. १८९६ पासून मुंबई-पुण्याचा संसार ज्याने उद्ध्वस्त केला त्या प्लेगच्या जंतूपाशी इटाकोनिक आम्ल मोडून खाण्याची विकरे आहेत.

टी-पेशी या पांढऱ्या पेशींची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचे सूत्र तेच आहे. विश्रांत टी-पेशी मितव्ययी असते. तिला ओळखीचा शत्रू भेटला, की ती साखर ओढू लागते आणि काही तासांत एकदा या वेगाने विभागत जाते. लढाई संपली की बहुतेक टी-पेशी मरतात, आणि ज्या स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात त्या पुन्हा मेदाच्या संथ ज्वलनाकडे वळतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एरिका पीअर्स यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले की, ग्लुकोज फोडणाऱ्या विकरांपैकी जीएपीडीएच हे एक विकर रिकामे असले म्हणजे इंटरफेरॉन-गॅमाच्या संदेशावर जाऊन बसते आणि ते प्रथिन तयार होऊ देत नाही. साखर आली की ते आपल्या मूळ कामाला लागते आणि संदेश मोकळा होतो. पेशीतील अन्नाची आवक मोजून वाढीचा निर्णय घेणारे एमटॉर नावाचे प्रथिनही येथे कळीचे आहे. त्याला रोखणारे रॅपामायसिन हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून तेव्हाच्या अखंड भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात मिळविले. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात, तेव्हा ते प्रतिकार दडपणारे समजले जाणे साहजिक होते. परंतु हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अटलांटा येथे उंदरांना ते बेताच्या मात्रेत दिले, तेव्हा स्मृतिपेशी उलट वाढल्या.

हे सारे प्रयोगशाळेतले झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याला आपल्या घरांशी जोडणारा दुवा पुरविला आहे. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, दोघांचाही शरीरभारांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. वजनकाट्यावर सडपातळ भरणारा भारतीय आतून मेदयुक्त असू शकतो, हा सिद्धान्त त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांची अपत्ये यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून उभा केला. तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोंची, तर इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनमधली ३.५ किलोंची, मात्र तुटवडा सर्व ऊतींत सारखा नव्हता, स्नायू आणि अवयव पुष्कळच लहान पडले होते आणि त्वचेखालचा मेद त्या मानाने राखला गेला होता. मेद ही केवळ कोठी नसून भक्षक पेशींच्या वास्तव्याची जागा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘मी कुठे लठ्ठ आहे’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या माणसालाही मधुमेह चाळिशीच्या आत का गाठतो, याचा काही अंशी उलगडा होतो. आणि साखर वाढलेल्या रक्तात न्यूट्रोफिल नीट काम करीत नाहीत, याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात घेतला. कोविडमधून उठलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेही रुग्णांचे डोळे आणि जबडे काळ्या बुरशीने गेले. एकाच रुग्णात दाह अतिरेकी आणि प्रतिकार दुबळा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे मला त्या उन्हाळ्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही झाले नाही.

या ज्ञानाचा उपयोग अजून व्हावयाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. नकळत का होईना, तो पाऊण शतक चालू आहे. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या घातक पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. त्यांना यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थाने, उतार पडतो हे तिला आढळले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनले. त्याच प्रयोगशाळेत त्याची हुबेहूब पण निरुपयोगी अशी प्रतिरूपे तयार झाली, आणि मेथोट्रेक्सेट हे त्या कुळातले. कर्करोगात ते मोठ्या मात्रेने पेशीची वाढ तोडते. आमवात या संधिवाताच्या प्रकारात मात्र अत्यल्प मात्रेने दिले असता चयापचयाची एक पायरी अडवून ॲडिनोसीन हे दाहशामक द्रव्य वाढविते, असे मानले जाते. आज आमवाताच्या रुग्णांना जगभर प्रथम हेच देतात. येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि गैरसमजाने रोज घेतल्याने रक्तपेशी घटून माणसे मृत्यू पावली आहेत, घरातील वृद्धांच्या डबीत ही गोळी असेल तर कोणता वार ठरला आहे ते घरातल्या एकाने तरी माहीत करून घ्यावे.

खुद्द क्रेब्सच्या चक्रातूनच घेतलेले औषधही आहे. वाल्टर श्वेकेनडिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सोरायसिस होता. आपल्या चयापचयात फ्युमरिक आम्लाची उणीव असावी या समजुतीने त्याने त्या आम्लाच्या संयुगांचा प्रयोग स्वतःवर केला आणि १९५९ साली तो प्रसिद्ध केला. त्याची उपपत्ती टिकली नाही, औषध टिकले. जर्मनीत १९९४ मध्ये सोरायसिससाठी त्याला परवाना मिळाला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेत डायमिथिल फ्युमरेट या रूपात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या दाहक विकारासाठी. ते काम कसे करते याचा एक महत्त्वाचा धागा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१८ साली हाती आला: उत्तेजित भक्षक पेशींत आणि टी-पेशींत ते वर सांगितलेल्या जीएपीडीएच या विकरालाच चिकटून त्याला निकामी करते, म्हणजे साखरेची वाट अडविते. ज्या पेशी त्या घटकेला साखरेवर सर्वाधिक विसंबून आहेत त्यांना याची झळ अधिक बसते, आणि संथपणे जगणाऱ्या पेशी पुष्कळशा बचावतात. औषधाला हवी असलेली निवड पेशीच्या आहारामुळेच साधते. तरीही ही निवड काटेकोर नाही. काही रुग्णांत लसीकापेशींची (लिम्फोसाइट पेशींची) संख्या फार खाली जाते, आणि ती दीर्घकाळ तशीच राहिली तर मेंदूला एका सुप्त विषाणूचा घातक संसर्ग झाल्याची थोडी उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून हे औषध चालू असेतो दर काही महिन्यांनी रक्त तपासतात आणि संख्या ठरावीक मर्यादेखाली उतरून वर येईनाशी झाली की ते बंद करतात.